होडीचा निळा

तुमच्या घरी किंवा हापिसात मॉनिटर असेल तर एक गंमत करून बघा. पडद्यावर कोरं पांढरं पान उघडा, बोट पाण्यात बुडवा आणि राईएवढा थेंब काचेवर ठेवा. राईएवढाच हं, नाहीतर उद्या मॉनिटर घेऊन माझ्याकडेच याल. आता त्या थेंबात डोकावा. पांढरं काही दिसतंय का? नाही. तांबडा, हिरवा, निळा, परत तांबडा, हिरवा, निळा, अशी बारीक रांगोळीची ओळ दिसेल. पांढरं नावाचं तिथे कुणी राहतच नाही. ते आपल्या डोळ्यांत तयार होतं.

हे मला पहिल्यांदा दिसलं तेव्हा मी सगळी दुपार त्या थेंबासमोर बसून होते. अजूनही दुकानात गिऱ्हाईक नसलं, समोरच्या रस्त्यावर ऊन पसरलेलं असलं, की मी कधीकधी तशीच बसते. लोकांना वाटतं बाईंना डुलकी लागली.

मी रत्नागिरीत मॉनिटर दुरुस्त करते. "म्हणजे कॉम्प्युटर ना?" असं लोक विचारतात. नाही हो, फक्त मॉनिटर. डबा बिघडला तर शेजारी जा, चित्र बिघडलं तर इकडे या. अर्धं आयुष्य पडद्याकडे बघण्यात गेलं, पण पडद्यावर काय चाललंय ते मी कधी पाहिलं नाही. लग्नं, पावत्या, क्रिकेट, कुणाचे निकाल, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं आणि मी बघत राहिले ते फक्त तांबड्यात पिवळा तर मिसळत नाही ना, एवढंच.

हा धंदा मला मामाने शिकवला. त्याचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. मुलीच्या जातीने हातात स्क्रू-ड्रायव्हर घेणं तेव्हा लोकांना पाहवत नसे, पण मामाला लोकांशी काही देणंघेणं नव्हतं. तो म्हणायचा, "चित्र बघत बसू नकोस. चित्रात गुंतलीस की रंग निसटतो."

तेव्हाचे मॉनिटर पोटुशे होते. मागे ही एवढी ढेरी. आत काचेची मोठी नळी, तिच्या मानेतून विजेचे तीन झोत निघायचे आणि पडद्याच्या आतल्या बाजूला लावलेल्या तीन रंगांच्या ठिपक्यांवर आपटायचे. मध्ये एक बारीक भोकांचा पत्रा, प्रत्येक झोताने आपल्याच ठिपक्यावर जावं म्हणून. पण जवळ लोहचुंबक आला की झोत वाकायचे आणि भलत्याच ठिपक्यावर पडायचे. लोक गाण्यांची हौस म्हणून मॉनिटरला खेटून मोठाले स्पीकर ठेवायचे. स्पीकरमध्ये चुंबक. मग कोपऱ्यात जांभळा डाग, मध्ये हिरवट झाक, आणि गिऱ्हाईक दारात, "अहो ताई, पडद्याला आजार झाला!"

त्यावर इलाज होता तांब्याच्या तारेचं एक भलंमोठं कडं. ते विजेला जोडायचं, पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं आणि फिरवत फिरवत पाऊल पाऊल मागे सरकत दारापर्यंत जायचं, मग बंद करायचं. पडद्यावरचे रंग आधी पिसाटल्यासारखे नाचायचे आणि मग हळूहळू शांत व्हायचे. एकदा मांडवीतल्या एका घरी मी हे करत होते. घरातल्या मावशी पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, "दृष्ट काढताय होय? थांबा, मीठमोहऱ्या आणते." मी म्हटलं, "आणा, उरलेली घरातल्यांची काढू."

त्या जुन्या मॉनिटरचा काळा रंग मात्र खरा काळा होता. झोत बंद म्हणजे उजेड बंद. आताच्या चपट्या पडद्यांचं तसं नाही. त्यांच्या पाठीमागे सदान्‌कदा दिवा जळत असतो आणि पुढे बारीक बारीक झडपा असतात. झडप उघडली की उजेड येतो, मिटली की अडतो, पण कुठलीच झडप पुरती मिटत नाही. म्हणून स्वस्तातल्या पडद्यावरची रात्र राखाडी दिसते. शिवाय त्या झडपा समोरून बघितल्या तरच खऱ्या. वरून बघाल तर चित्र फिकं, खालून बघाल तर काळपट.

आमच्या इथला एक लग्नाचे अल्बम करणारा पोरगा आहे, कामाला वाघ. त्याच्या अल्बममध्ये एका सिझनला सगळं वऱ्हाड पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं पांढरंफटक यायला लागलं. नवरी, नवरा, भटजीसुद्धा. तो छापणाऱ्याला शिव्या घालायचा, छापणारा याला. मी जाऊन बघितलं तर त्याच्या खुर्चीचा दांडा बसलेला. हा पडद्याच्या खाली बसायचा, खालून त्याला सगळे काळवंडलेले दिसायचे, म्हणून बिचारा एकेकाला उजळवत सुटला होता. मी त्याच्या खुर्चीवर दोन उश्या ठेवल्या आणि घरी आले. अजून मला तो 'उशीवाल्या ताई' म्हणतो.

आणि एक आंबेवाले होते, रागीट माणूस. परगावच्या गिऱ्हाइकांना आंब्याचे फोटो पाठवायचे आणि त्यांच्या स्वतःच्याच पडद्यावर ते हिरवे दिसायचे. "माझा आंबा पिकलेला आहे, तुमच्या मशीनमध्ये तो कच्चा कसा होतो?" म्हणून माझ्यावरच ओरडले. मॉनिटर कारखान्यातून निघतात तेव्हा बऱ्याचदा निळसर पांढऱ्यावर ठेवलेले असतात, पडदा झकपक दिसावा म्हणून. मी ते बदलून उबदार पांढऱ्यावर आणलं. आंबे डोळ्यांदेखत पिवळे झाले. काका पडद्याजवळ वाकले आणि म्हणाले, "अढी न घालता पिकवलेस की गो!" त्यांच्या तोंडून निघालेलं तेवढंच एक गोड वाक्य.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं. पण एक काम असं आलं की त्यानंतर मला रंग या गोष्टीबद्दल पूर्वीइतकी खात्री राहिली नाही. ते सांगते.

आषाढ संपत आला होता. महेश नावाचा एक जण पूर्णगडाहून आला. मच्छीमार, तिशी-पस्तिशीचा, उन्हाने रापलेला. अल्बमवाल्याने त्याला माझ्याकडे पाठवलं होतं. त्याने पिशवीतून एक फोटो काढला, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि विचारलं, "ताई, तुमच्याकडे रंग मोजायचं मशीन हाय असं कळलं."

आहे एक. छोटंसं, शेपटीवाल्या उंदरासारखं. ते पडद्यावर लटकवलं की पडदा किती खरं बोलतो ते सांगतं. पण ते पडद्याचा रंग मोजतं, फोटोचा नाही. मी तसं म्हटलं तर तो खाली बसला आणि सगळं सांगायला लागला.

त्यांची जुनी होडी बापाच्या हातची. बाप गेला, आणि तीन पावसाळ्यांपूर्वीच्या वादळात होडीही फुटली. आता दोघा भावांनी मिळून नवी बांधली होती. थोरला दत्ता मुंबईला असतो, धाकटा महेश समुद्रावर. नवी होडी किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली तयार होऊन उभी होती. फक्त रंग राहिला होता, आणि नारळी पौर्णिमेला ती पाण्यात घालायची होती.

"मग अडलंय कुठे?"

"आमची आवस, आई, अडलीय," तो म्हणाला. "ती म्हणते, बाबांच्या होडीचा होता तोच निळा पायजे. तो नसला तर मी होडीपुढं दिवा धरणार नाय. आणि तिने दिवा धरल्याबिगर मी होडी पाण्यात घालणार नाय."

हा हट्ट वाटेल तुम्हाला. पण तिथल्या बायका संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी खडकावर बसतात. लांबून होडीवरचा आकडा दिसत नाही, नाव दिसत नाही, दिसतो तो रंग. ठिपक्याएवढी असताना होडी ओळखायची आणि मग उठून टोपल्या उचलायच्या. महेशच्या आईने सगळा संसार असा तो निळा ठिपका दिसण्याची वाट बघत केला होता. दुसऱ्या रंगाची होडी म्हणजे तिच्या दृष्टीने दुसऱ्याची होडी.

आता तो निळा नक्की कुठला, यावरून दोन भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. महेशने फोटो मोबाइलवर काढून दत्ताला पाठवला. महेशच्या मोबाइलवर तो गडद, चमचमीत निळा दिसत होता. दत्ता मुंबईत आपल्या हापिसातल्या जुनाट पडद्यावर बघायचा, त्याला तो हिरवट, मळकट दिसायचा, आणि तो म्हणायचा हाच बाबांचा रंग, थोडा समुद्री हिरवा. "त्याने मला काय सांगितलं माहीत हाय?" महेशचा आवाज बारीक झाला. "म्हणाला, तू बाबांच्या होडीवर एवढी वर्षं गेलास आणि तुला तिचा रंग आठवत नाय. मी म्हटलं, तू तर कधी गेलाच नायस."

मोबाइलचे पडदे रंग भडक करून दाखवतात, पोराला लग्नात नटवावं तसे. उलट जुन्या पडद्यामागचा दिवा वर्षानुवर्षं जळून पिवळा पडतो आणि सगळ्या चित्रावर काविळीची झाक येते. दोघा भावांना पडद्यांनी भांडायला लावलं होतं. मी म्हटलं, हे तर माझं रोजचं काम, आत्ता मिटवते. मनातून मला मजाच वाटत होती.

मी फोटो प्लास्टिकमधून काढला आणि खिडकीशी नेला. नुसता कागद, चौकट नाही, काच नाही. होडीची नाळ, म्हणजे पुढचं उंच नाक, फोटोत सगळ्यात मोठी दिसत होती. तिच्यावर बोटाएवढा एक पिवळट थर होता आणि मध्ये तांबडा ठिपका.

"हे काय?"

"हळदकुंकू," महेश म्हणाला. त्यात विचारण्यासारखं काय, अशा सुरात.

होडी होती तोवर दर नारळी पौर्णिमेला तिच्या नाळेला हळदकुंकू लागायचं. होडी फुटली, पण आईने नेम मोडला नाही. फोटो देव्हाऱ्यात ठेवला आणि फोटोतल्या होडीच्या नाळेला हळदकुंकू लावत राहिली. सणाला, अमावास्येला, पोरगा दुसऱ्याच्या होडीवर समुद्रावर जाताना. हळद कागदात मुरत गेली. निळ्यावर पिवळं चढलं आणि नाळ हिरवट झाली. आणि रंग बघायचा तर माणूस कुठे बघणार? नाळेवरच.

मला हसू आलं, आणि फोटो मी आता दोन्ही हातांनी धरला. मी फोटो स्कॅन केला, माझ्या चांगल्या मॉनिटरवर उघडला. हा मॉनिटर मी दर महिन्याला त्या उंदराने तपासते, कुठल्याही बाजूने बघितला तरी रंग बदलत नाही, दुकानातली ती एकच चीज मी कुणाला हात लावू देत नाही. नाळ सोडून मी होडीच्या मागच्या बाजूचा तुकडा मोठा केला, जिथे हळदीचं बोट पोचलं नव्हतं. तिथला निळा वेगळाच होता. महेशच्या मोबाइलसारखा भडक नाही, दत्ताच्यासारखा हिरवटही नाही. सकाळी वारा सुटायच्या आधी खाडीचं पाणी असतं तसा.

महेश बघतच राहिला. मी मुंबईला फोन लावायला सांगितला. तो नको म्हणत होता, मी म्हटलं, "लाव रे, भावाचाच नंबर आहे ना?" दत्ताला सगळं समजावलं. हळद कागदात कशी मुरली तेही सांगितलं. मग तो म्हणाला, "आईचं काय सांगू तुम्हाला आता." तो म्हणाला, आईला दाखवा, ती हो म्हणाली की माझं काही म्हणणं नाही.

मी स्वतःवर खूश होते. सोपं काम, सुंदर काम. दिवाळी अंकात लिहिण्यासारखं, असंही मनात येऊन गेलं.

पुढच्या आठवड्यात महेशच्या आई, म्हणजे काकी, आल्या. त्यांना डोळे तपासायला रत्नागिरीला यायचंच होतं, महेश तिथूनच त्यांना दुकानात घेऊन आला. ठेंगणी, काटक बाई, नाकात बारीक चमकी, डोळ्यांवर काळा चष्मा. मी चहा मागवला. त्यांनी चष्मा काढला, पदराने चेहरा पुसला आणि पडद्याकडे बघितलं.

"नाय गो बाय," त्या म्हणाल्या. "ह्यो नाय."

महेश डोक्याला हात लावून बसला. "आई, अगो नीट बघ तरी!"

"नीटच बगते. जवळपास हाय. पण ह्यो नाय. आता हाय असं वाटतं आणि मग नाय असं वाटतं."

हे शेवटचं वाक्य माझ्या कानात राहिलं. पडदा तर स्थिर होता. मी उंदीर लावून पुन्हा तपासला, चूक नव्हती. मग हलत होतं काय? मी विचारलं, "काकी, काळा चष्मा कशाला?"

"मोतीबिंदू काढला ना. उजव्याचा. डावा काढायचाय अजून. ह्या पोरांचं मागं लागणं चाललंय, काढ काढ म्हणून."

मी उठले आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले. "काकी, उजवा डोळा झाका. आता बघा."

त्यांनी तळवा डोळ्यावर धरला. मग त्यांचा चेहरा असा सैल झाला की मला तो अजून दिसतो. "हां," त्या म्हणाल्या. "ह्योच. ह्योच तो. अगो, ही बघ आली."

"आता दुसरा झाका."

त्यांनी तळवा बदलला आणि दचकल्याच. "ह्यो कंचा! इतका निळा ती कधीच नव्हती."

मला सगळं लख्ख कळलं आणि कळल्याचा जराही आनंद झाला नाही. वयाने डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, हळूहळू, म्हणून कळतही नाही. नवं भिंग बसवलं की निळा एकदम उसळून येतो. काकींनी इतकी वर्षं आपल्या माणसाची होडी त्या पिवळट भिंगातून पाहिली होती. आठवणीत राहिलेला निळा तो तिथला. मग मी दत्ताचा तो हिरवट, हळदीचा रंग पडद्यावर आणला आणि नव्या डोळ्याने बघायला सांगितलं. "हां," काकी पुटपुटल्या, "नव्या डोळ्याला ह्यो बरोबर वाटतोय."

म्हणजे एका डोळ्याला फोटोतला मूळ निळा खरा, धाकट्याच्या रंगाच्या जवळचा, आणि दुसऱ्या डोळ्याला थोरल्याचा हिरवट. महेश माझ्या तोंडाकडे बघायला लागला. काकींनी मला सरळ विचारलं, "मग बाय, खरा कंचा?"

इतकी वर्षं मी हा धंदा केला, पण हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. खरं सांगायचं तर धंद्यात 'खरा रंग' असं काही नसतंच. चार लोकांनी मिळून ठरवलेलं असतं की यालाच पांढरा म्हणायचं, आणि आम्ही पडदे त्याच्याशी जुळवतो. मी म्हटलं, "काकी, काकांनी डब्यातून काढून लावला तो पहिला. पण तो तुम्ही कसा बघितलात ते मला नाही ठरवता येणार."

"मग ह्यावर बघून काय उपयोग," असं म्हणून त्या चहा प्यायला लागल्या. मला राग यायला हवा होता, पण त्यांचं खरं होतं. शिवाय आणखी एक गोष्ट होती. होडीच्या रंगाला असते ती मोरपिशी झळाळी तीन ठिपक्यांतून निघत नाही. हिरवा आणि निळा कितीही ताणले तरी काही निळे पडद्याबाहेरच राहतात. जगातला सगळ्यात महागडा पडदा आणला तरी. मी म्हटलं, "काकी, तुमच्या खडकावर जाऊन बघू."

दत्ता शनिवारी मुंबईहून आला. श्रावणातली उघाडी होती. मी दुकान बंद करून पूर्णगडला गेले, भाट्याचा पूल, पावस, मग उतार, आणि अचानक खाली खाडी. दोघं भाऊ किनाऱ्यावर उभे होते, एकमेकांपासून बऱ्यापैकी लांब. डब्यातले रंग मिसळून आम्ही दोन फळ्या रंगवल्या. एक खरा निळा, फोटोतल्या होडीच्या मागच्या बाजूचा. एक हळद लागलेला. माझ्या हातांना तो रंग नंतर कितीतरी दिवस चिकटून होता.

भावांनी एकेक फळी उचलली आणि वाळूच्या पुळणीवरून चालत पार खाडीच्या तोंडापर्यंत गेले. मी काकींबरोबर खडकावर बसले. मागे गडाची भिंत, खाली भरतीचं पाणी, ढगांतून ऊन आत-बाहेर करतंय. लांबून त्या फळ्या नखाएवढ्या दिसत होत्या. माणसं तर दिसतच नव्हती, दोन निळे ठिपके तेवढे थरथरत होते. मला अगदी गुंगल्यासारखं झालं. पडद्यात डोकावून डोकावून जे मी इतकी वर्षं बघत होते, तेच जणू बाहेर येऊन पाण्याकाठी उभं राहिलं होतं.

काकींनी एक डोळा झाकला, मग दुसरा. परत पहिला. बराच वेळ हे चाललं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला "जरा नीट बघा" असं सांगितलं नाही.

शेवटी त्यांनी हाताने महेशच्या फळीकडे खूण केली. खरा निळा.

"नव्या डोळ्याला तो परका वाटतोय ना?" मी विचारलं.

"वाटतोय. वाटू दे. पोरांचा बापूस तोच लावीत व्हता ना? तेचं काय चुकलं नव्हतं. डोळा माझा म्हातारा झाला." मग, "आणि समुद्रावर जाणार तो पोरगा. त्याला दिसतो तो रंग त्याच्या होडीला. मी नव्या डोळ्याला शिकवीन, बस म्हणून सांगीन, बसेल गप."

भाऊ परत आले तेव्हा काकींनी दोघांनाही शेजारी बसवलं. दत्ता हरला होता, पण चेहऱ्यावर हरल्यासारखं काही नव्हतं. तो महेशला म्हणाला, "पहिला हात मी मारणार हां रंगाचा." महेश म्हणाला, "मार की. हळद नको घालूस म्हंजे झालं." मग तिघंही हसले आणि हसता हसता दत्ता रडायलाच लागला. एवढा मोठा बाप्या.

नारळी पौर्णिमेला मला बोलावणं होतं. होडी झापांतून बाहेर काढली होती आणि उन्हात इतकी निळी दिसत होती की बघवत नव्हतं. माणसांनी खांदे लावले, ओरडा झाला, होडी वाळूवरून घसरत पाण्यात शिरली. काकींनी नाळेला हळदकुंकू लावलं, या वेळी खऱ्या नाळेला, आणि दिवा धरला. वाऱ्याने ज्योत वाकत होती, त्या हाताने आडोसा करत होत्या. महेशने नारळ सोडला आणि इंजिन सुरू केलं.

होडी खाडीच्या तोंडाकडे निघाली तशा काकी खडकावर चढल्या. मी त्यांच्या मागोमाग. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. काकी तेवढ्या नाही. त्यांनी पदर घेतला आणि उजवा डोळा झाकला, नवा. नुसत्या जुन्या डोळ्याने त्या होडीकडे बघत राहिल्या, ती वळून दिसेनाशी होईपर्यंत. ओठ हलत होते. कुणाशी तरी बोलत होत्या, आणि ते माझ्याशी नव्हतं.

मला राहवलं नाही. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "काकी, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन कधी करताय? पोरं काळजी करतात."

त्यांनी पदर खाली घेतला आणि माझ्याकडे बघून हसल्या.

"नव्या डोळ्यात पोराची होडी येते गो," त्या म्हणाल्या. "बापसाची ह्या एकाच डोळ्यात येते. एवढ्यात नको."